गायकवाडबाईंची दाढ

बायकोला नाही, रोज सकाळी ज्याच्याबरोबर फिरायला जातो त्या मित्रालाही नाही — ही गोष्ट मी आजवर कुणाजवळच काढलेली नाही. तुम्हाला का सांगतोय? नीटसं कळत नाही. तुम्ही माझ्या खुर्चीत कधी बसणार नाही, म्हणून असेल.

खुर्ची म्हणजे दातांच्या डॉक्टरची. शनिवार पेठेत माझं क्लिनिक आहे, आधी वडिलांचं होतं. पेठेतल्या डॉक्टरला पेशंट सहसा नवीन नसतो. कुणाची आई, कुणाची आत्या — सगळ्यांची तोंडं आतून-बाहेरून ओळखीची. गायकवाडबाईंचं माहेर आमच्या मागच्याच गल्लीतलं. लग्न करून त्या खडकीला गेल्या, तिकडच्याच एका शाळेत शिकवायला लागल्या, पण दातांसाठी यायच्या इकडेच.

त्या उन्हाळ्यात आल्या तेव्हा तोंडाला स्कार्फ गुंडाळलेला होता. त्यात विशेष ते काय? पुण्यात स्कूटरवरची कुठलीही बाई तशीच दिसते. पण आत येऊन बसल्या तरी स्कार्फ सुटेना. माझी असिस्टंट सुनीता, तिची जीभ जरा तिखट, ती म्हणाली, "बाई, इथली धूळ आम्ही रोज पुसतो. सोडा आता."

बाई हसल्या नाहीत. हळूच म्हणाल्या, "पंखा बंद कराल का जरा?"

मी पंखा बंद केला. आणि विसरलो. खरंच विसरलो का? — यावर मी इतक्यांदा विचार केलाय, की आता मूळ आठवण कुठली आणि मी नंतर घासूनपुसून केलेली कुठली, ते सांगता येत नाही.

दुखणं वरच्या डाव्या बाजूला होतं. "डॉक्टर, उघडी वायर लागावी तसं होतं. क्षणभर. मग काहीच नाही." चूळ भरली की, ब्रश लागला की, वर्गात मोठ्याने कविता म्हणायला लागलं की. हे सगळं त्यांनी मला सांगितलं होतं. शिक्षिकेनं सांगावं तसं, स्पष्ट, ओळीनं. मी आरशाच्या दांड्यानं दाढ ठोकून पाहिली. काही नाही. एक्स-रे स्वच्छ. मग बधिर करायचं इंजेक्शन दिलं, थोडा वेळ थांबलो, आणि दुखणं गेलं. म्हटलं, सापडली. दाढच.

आता त्या इंजेक्शननं दाढ बधिर होते तशी तिथली नसही होते. दुखणं मुळात नसेचं असलं तरी ते थांबणारच. चेहऱ्याच्या नसेचं हे दुखणं पुस्तकात आहे, त्याला वाऱ्याची झुळूकही पुरते हेही आहे. तोंडी परीक्षेत मी यावर धडाधड उत्तर दिलं होतं. त्या दिवशी ते डोक्यात आलं नाही. इथपर्यंत चूक. चूक होते माणसाकडून. चुकीबद्दल मी हे लिहीत नाहीये.

आधी रूट कॅनाल केलं. थोडे दिवस बरं वाटलं, पुन्हा सुरू. बाई कंटाळून म्हणाल्या, "काढूनच टाका." मी काढली.

दाढ चिमट्यात आली आणि मला दिसलं. मुळं स्वच्छ होती. पू नाही, सूज नाही, काही नाही. बाईंच्या तोंडात कापसाचा बोळा होता, त्यांनी हातानं खूण केली — बघू. सगळेच बघायला मागतात, इतकं छळलं ते होतं तरी कसं, म्हणून. मी दाढ ट्रेमध्ये रक्ताळलेल्या कापसाखाली सारली आणि म्हणालो, "आतून पार खराब झाली होती, बाई."

त्यांनी मान डोलावली. समाधानानं.

पावसाळा संपता संपता त्या परत आल्या. स्कार्फ तसाच. दुखणं त्याच जागी — जिथे आता दाढच नव्हती. तेव्हा मला कळलं. की दाढ हातात आली तेव्हाच कळलं होतं? तो नेमका क्षण मला धरता येत नाही. एवढं मात्र पक्कं, की त्या वेळी दुखण्याचं खरं नाव माझ्या जिभेवर होतं. ते उच्चारलं असतं तर पुढचा प्रश्न आपोआप आला असता: मग दाढ कशासाठी काढली?

मी त्यांना मेंदूच्या डॉक्टरांकडे पाठवलं. मला कॉलेजपासून ओळखणारे, वयानं मोठे, पेशंटच्या गर्दीत बुडालेले गृहस्थ. त्यांचा मला फोन आला.

"काय रे, दाताचं काही आहे का यांचं?"

"नाही सर, दाताचं काही नाही. अ‍ॅटिपिकल वाटतंय."

या शब्दाचा सरळ अर्थ एवढाच, की हे नेहमीच्या नमुन्यात बसत नाही. मराठीत आपण म्हणू, मला कळत नाही. पण चेहऱ्याच्या दुखण्याला तो लावला, की आमच्या धंद्यात त्याला एक वास येतो. कळत नाही ते डॉक्टरला, आणि संशय जातो पेशंटवर, की दुखणं मनाचंच असेल. मला हे माहीत नव्हतं? चांगलं माहीत होतं. वर गंमत म्हणजे बाईंचं दुखणं नमुन्यात अगदी चपखल बसत होतं. चूळ, वारा, बोलणं — पंखा. यातलं काहीही मी सरांना सांगितलं नाही.

"अच्छा," सर म्हणाले, "म्हणजे तसली केस."

मी म्हणालो, "हं."

फोन ठेवला. पुढच्या पेशंटला आत घेतलं.

सरांकडे गर्दी, आणि बाई तोवर बोलायलाच घाबरायला लागलेल्या. नवरा शेजारी बसून म्हणाला असेल, हल्ली कुणाशी बोलत नाही, जेवत नाही. जुळलंच सगळं. झोपेच्या गोळ्या सुरू झाल्या. मग शाळेत कुजबुज — गायकवाडबाईंना जरा मानसिक आहे. त्यांचा वर्ग काढून घेतला, ऑफिसात कागद लावायला बसवलं. पुढे त्यांनी नोकरीच सोडली. हे सगळं मला त्यांच्या माहेरच्यांकडून तुकड्यातुकड्यानं कळत गेलं. प्रत्येक वेळी मी "अरेरे" म्हणालो. प्रत्येक वेळी ते खरंही होतं. हे दोन्ही एकाच माणसात कसं राहतं, मला अजून उलगडलेलं नाही.

काही वर्षांनी एका तरुण डॉक्टरनं त्यांना कुठे दुखतं हे विचारलंच नाही. काय केलं की दुखतं, एवढंच विचारलं. फिट येण्यावर देतात आणि नसेच्या या दुखण्यावरही चालते, त्यातली एक गोळी दिली. आठवडाभरात बाई चूळ भरायला लागल्या.

मग त्या पेढे घेऊन माझ्याकडे आल्या.

स्कार्फ नव्हता. पंख्याखालच्याच खुर्चीत बसल्या. सुनीता म्हणाली, "बाई, आज ओळखलंच नाही, तोंड दिसतंय." या वेळी त्या हसल्या. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "घरचे, शाळेतले, सगळ्यांनी मला वेडी ठरवलं, डॉक्टर. तुम्ही तेवढे तसं कधी म्हणाला नाहीत. ते विसरणार नाही मी."

मी पेढा घेतला. त्यांच्यासमोर खाल्ला. "चांगला आहे," म्हणालो.

तेव्हा सांगता आलं असतं. सुनीता होती म्हणून नाही सांगितलं? ती तर लगेच आत गेली होती. मी त्यांना पाणी हवं का विचारलं.

अजूनही त्या दात साफ करून घ्यायला येतात. मी आरसा वरच्या डाव्या बाजूला नेतो, त्या मोकळ्या जागेपाशी हात थोडा घाईनं पुढे सरकतो. मागच्या खेपेला त्यांनी विचारलं, "इथे खोटी बसवायची का?" म्हटलं, बघू.

त्यांची दाढ निरोगी होती. ते मी पाहिलं होतं. आणि त्यांना वेडी म्हणणाऱ्यांत पहिला मी होतो, फक्त फोनवर आणि एका हुंकारात. हे गायकवाडबाईंना त्यांच्या तोंडावर सांगणं माझ्याकडून बाकी आहे.