पाणी पिणारी गाडी

आमची गाडी पांढरी, उंच आणि सात माणसांची होती. घरात आम्ही दोघंच. मुलगी शिकायला नागपूरला गेली आणि त्याच वर्षी मी गाडी घेतली. लोकांना वाटलं, मास्तरला करमत नसेल. बायकोचं म्हणणं वेगळं होतं. मुलगी घरी असती तर तिने घेऊ दिली नसती, म्हणून मी ती जायची वाट पाहत होतो, असं बायको अजून सांगते. त्यात थोडं तथ्य आहे.

मी गोंदियाजवळच्या मुर्रीला राहतो आणि गोंदियातल्या एका शाळेत गणित शिकवतो. बायको परिचारिका आहे, तिची नोकरी आमगावच्या बाजूला. जुनी गाडी घ्यायची तर तपासून घ्यावी एवढं मला ठाऊक होतं. म्हणून मी चारही दारं उघडून आपटली, चाकांना लाथा मारल्या, हॉर्न वाजवला, एसीच्या समोर तोंड धरून बसलो. मग बॉनेट उघडून आत बराच वेळ पाहिलं आणि मान हलवली. आत नेमकं काय पाहायचं असतं हे माहीत नव्हतं, पण मान कशी हलवायची ते माहीत होतं. पोरांच्या वह्या तपासून ती सवय लागते.

गाडीचे मालक गोंदियातले एक निवृत्त ठेकेदार होते. सत्तरीचे, कडक इस्त्रीचा शर्ट, बोलणं हिंदीत. चावी देताना त्यांनी ती आधी हातरुमालाने पुसली. आम्ही निघालो तेव्हा खिडकीशी वाकून म्हणाले, "मास्टरजी, इतवार को थोड़ा पानी डाल दिया कीजिए. गाड़ी पानी पीती है."

लेकीला सासरी पाठवताना बापाने तिच्या आवडीनिवडी सांगाव्यात, तसं त्यांनी ते सांगितलं. मला भरून आलं. काही शंका यावी असं वाटलंच नाही.

दर रविवारी सकाळी मी गाडी फाटकाबाहेर काढायचो. आतही पाणी टाकता आलं असतं, पण मग शेजाऱ्यांना दिसलं नसतं. बॉनेट उघडायचं, बाटलीने पाणी ओतायचं, पुन्हा मान हलवायची. सुरुवातीला अर्धी बाटली लागायची. संक्रांतीपर्यंत एक, होळीनंतर दोन. मला वाटलं, उन्हाळा आहे, आपणही जास्त पाणी पितोच की.

बायको एकदा म्हणाली की हे बरोबर दिसत नाही, एखाद्या मिस्त्रीला दाखवून घ्या. मी तिला गाडीत बसवून तापमानाचा काटा दाखवला. तो बरोबर मध्यावर उभा होता. तिने काट्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाली, "ताप नाही म्हणजे आजार नाही, असं नसते जी." मी म्हटलं, हा दवाखाना नाही.

माझे सासरे नवेगाव बांधच्या बाजूच्या एका गावात राहतात. आम्ही त्यांना मामाजी म्हणतो. गावच्या तलावाचं पाणी कोणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, केव्हा सोडायचं हे त्यांनी पुष्कळ वर्षं पाहिलं. पावसाळ्यात तलावाच्या पाळीवरून, म्हणजे मातीच्या बांधावरून, अनवाणी चालायचं आणि कुठे गळती लागली ते तळपायाने ओळखायचं, हे त्यांचं काम. गाडी पहिल्यांदा त्यांच्या अंगणात उभी राहिली तेव्हा सगळे रंगाचं कौतुक करत होते. मामाजींनी मला पाणी ओतताना पाहिलं आणि दर आठवड्याला किती लागते ते विचारलं. मी सांगितलं. म्हटलं, "बैल नाही का पाणी पीत? तसंच हे."

मामाजी म्हणाले, "बैल पानी पेते तं मुतते बी. हे कोठी मुतून राह्यली?"

सगळं अंगण हसलं. मामाजी हसले नाहीत. ते खाली बसले, गाडीखाली हात घालून त्यांनी जमीन चाचपली आणि कोरडा तळवा मला दाखवला. मी म्हटलं, बघा, एक थेंब नाही. त्यावर ते म्हणाले की हेच वाईट आहे. पाळीच्या बाहेर ओल दिसली तर माणूस माती टाकून बुजवते, पण पाणी घटते आणि ओल कुठेच दिसत नाही, तेव्हा ते आतल्या आत कुठेतरी शिरून राहिलेलं असते. मी गणिताचा मास्तर. मातीच्या तलावाचा न्याय लोखंडाच्या इंजिनाला लावू नये, असं मी त्यांना नम्रपणे समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

मे महिन्यात मेहुण्याचं लग्न निघालं. नवरी देवरीकडची. घरातली एकुलती एक चारचाकी माझी, म्हणून नवरदेवाची गाडी तीच ठरली. त्याच्या मित्रांनी सकाळपासून ती सजवली. झेंडूच्या माळा, प्लास्टिकचे गुलाब, बॉनेटवर मोठा मोर. गाडीने श्वास कुठून घ्यावा अशी जागा उरली नाही. दुपारी आम्ही निघालो. मी चालवायला, शेजारी मामाजी, मागे मुंडावळ्या सांभाळत बसलेला मेहुणा आणि त्याला सांभाळत बसलेली माझी बायको. वऱ्हाडाची बस मागून येत होती.

हायवेवर गाडी छान पळाली. देवरीच्या अलीकडे आत वळल्यावर बायको म्हणाली, कसला तरी गोड वास येतो. मी म्हटलं, नवरदेवाचं अत्तर असेल. मेहुणा म्हणाला, मी अत्तर लावलंच नाही. काटा मध्यावरच होता, म्हणून मी निश्चिंत होतो. पुढे दोन वळणं झाली आणि गाडीचा जोर गेला. ॲक्सिलरेटर दाबला तरी ती चढ चढेना. मग पुढून टकटक आवाज सुरू झाला. तो वाढत वाढत एकदम थांबला, आणि त्याबरोबर गाडीही थांबली. चावी फिरवली तर आतून एकदाच 'टक्' झालं.

नवरीचं गाव तिथून समोर दिसत होतं. बँड ऐकू येत होता.

मी उतरून बॉनेट उघडलं. पाण्याच्या झाकणाला हात लावणार, तेवढ्यात बायकोने मनगट धरलं. भाजलेल्या माणसांच्या पट्ट्या ती रोज बदलते. मामाजींनी आत डोकावून तेल पाहायची पट्टी कोणती ते मेहुण्याला विचारलं, ती बाहेर ओढली आणि उन्हात धरली. तेल काळं असतं एवढं मलाही माहीत होतं. हे दूध टाकलेल्या चहासारखं दिसत होतं, वर साय धरल्यासारखा फेस. मामाजींनी ते बोटावर घेतलं, अंगठ्याने चोळलं आणि शांतपणे म्हणाले, "सापडलं जी पानी."

त्यांना मला हिणवायचं नव्हतं, हे त्यांच्या आवाजावरून कळत होतं. हरवलेली वस्तू सापडल्याचं समाधान तेवढं त्यात होतं. मी मात्र बसायला फूटपाथ शोधला, पण तिथे फूटपाथ कुठला असायला. एका मैलाच्या दगडावर बसलो.

मागून बस आली. नवरदेवाला बसमध्ये बसवावं असं काहींचं मत पडलं. मित्रांना ते पटेना, सजवलेली गाडी सोडून नवरदेव बसमधून कसा उतरेल? तेवढ्यात एक शेतकरी रिकामा ट्रॅक्टर घेऊन घराकडे चालला होता. त्याच्याकडे दोर होता. पाच मिनिटांत गाडी ट्रॅक्टरला बांधली गेली आणि वरात निघाली. पुढे नाचणारे मित्र, मागे ट्रॅक्टर, त्याच्या मागे मोर लावलेली माझी गाडी. बंद गाडीचं स्टिअरिंग किती जड होतं आणि ब्रेक किती घट्ट लागतो हे ज्याने अनुभवलं नाही त्याला सांगून कळणार नाही. एसी बंद, मे महिना. मी दोन्ही हातांनी चाक ओढत होतो आणि मागे मेहुणा इतका हसत होता की बायकोला त्याच्या मुंडावळ्या दोनदा बांधाव्या लागल्या.

मांडवाशी गोंधळ झाला. नाचणाऱ्यांच्या मागे आधी ट्रॅक्टरच आला, म्हणून नवरीच्या मावशीने आधी ट्रॅक्टरवाल्यालाच कुंकू लावून ओवाळलं. कोणीतरी त्याच्या डोक्यावर फेटा ठेवला. त्याला नेऊन पंख्याखालच्या सोफ्यावर बसवलं, हातात सरबत दिलं. मी घामाने निथळत, हाताला काळं लागलेला, गाडीतून उतरलो. मुलीकडच्या एका गृहस्थाने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि ड्रायव्हर लोकांचं जेवण मागच्या बाजूला आहे म्हणून सांगितलं. घरचा जावई मी. पण त्या क्षणी 'मी जावई आहे' असं म्हणायचीही लाज वाटली. गेलो मागे.

तिथे चार ड्रायव्हर जेवत होते. मला जागा करून दिली. गाडी कशाने बंद पडली हे त्यांनी विचारलं आणि मी सगळं सांगितलं. एकाने विचारलं, पाणी कमी होत होतं का? मी म्हटलं, हो, दर रविवारी टाकत होतो. चौघंही जेवायचे थांबले. मग सगळ्यात वयस्कर होता त्याने माझ्या ताटात न विचारता जिलबी वाढली. गाडीतही 'वॉटर पंप' असतो हे मी पहिल्यांदा त्या पंगतीत ऐकलं.

पुढे ती गाडी दुसऱ्या एका गाडीवर चढून गोंदियाला आली. तिथल्या मिस्त्रीने इंजिन खोललं आणि मला बोलावून दाखवलं. इंजिनात पाणी फिरवणारा पंप बाहेर कुठे नव्हताच. एका मोठ्या झाकणाच्या आत, साखळीच्या मागे लपलेला होता. त्याचं पाणी अडवणारं सील झिजलं होतं, आणि गळणारं पाणी जमिनीवर न पडता थेट खाली तेलात उतरत होतं. तेल पातळ झालं, आतले भाग एकमेकांवर घासून खरवडले गेले. तापून इंजिनाचं हेड, म्हणजे वरचा भाग, वाकलं होतं ते वेगळं. गोड वास गाडीच्या पाण्यात मिसळतात त्या उरल्यासुरल्या कूलंटचा होता. मी काट्याची तक्रार केली, तो शेवटपर्यंत मध्यावर होता म्हणून. मिस्त्री म्हणाला, "काँटा पानी का बुखार नापता है, सर. पानी ही नहीं रहा तो किसका नापेगा?" बायको शेजारीच उभी होती. मोर आणि माळांचा यात काही दोष होता का, असं मी शेवटचा प्रयत्न म्हणून विचारलं. नव्हता.

मग मी ठेकेदारांकडे गेलो. रस्ताभर कडक शब्द जुळवले होते, तेही हिंदीत. त्यांनी दार उघडलं, चहा मागवला आणि सगळं ऐकून घेतलं. त्यांचा चेहरा उतरत गेला. आपल्यालाही गाडी देताना आधीच्या मालकाने हेच सांगितलं होतं, असं ते म्हणाले. तेसुद्धा दर रविवारी बाहेर अंगणात उभं राहून पाणी ओतत होते. सगळ्याच गाड्या पितात, असं त्यांना वाटत होतं. कडक शब्द बाजूला ठेवून मी चहा प्यायलो. त्यांच्यावर रागावायचं म्हणजे स्वतःवरच रागावण्यासारखं होतं.

दुसऱ्या दिवशी ते आपणहून गॅरेजात आले, तोच कडक शर्ट घालून. मिस्त्रीने जुना पंप त्यांच्यासमोर ठेवला. आम्ही दोघं हात मागे बांधून त्याच्याकडे पाहत उभे राहिलो. "इतना छोटा?" एवढंच ते म्हणाले. मग दुरुस्ती होईपर्यंत ते रोज येऊन बसू लागले. मिस्त्रीला त्यांचा त्रास व्हायचा, पण घरून चिवडा आणायचे म्हणून कोणी हाकललं नाही. अर्धं इंजिन नवीन झालं आणि गाडी सुरू झाली, तेव्हा पहिल्या फेरीला मी त्यांना मागच्या सीटवर बसवून मुर्रीपर्यंत फिरवून आणलं.

गाडी घरी आली त्याच आठवड्यात बायकोने ड्रायव्हिंगचा क्लास लावला. मला आधी सांगितलं नाही. लायसन्स हातात आल्यावर सांगितलं. आता आमगावला रोज तीच गाडीने जाते आणि मी शाळेत मोटरसायकलने. निघायच्या आधी ती तेलाची पट्टी काढून पाहते, पाण्याची पातळी पाहते, काही वेगळं वाटलं तर त्याच दिवशी मिस्त्रीला फोन लावते. वाटेत दोन सहकारी बायका बसतात, कधी कधी एखादी बाळंतीणही. सात माणसांची गाडी शेवटी अर्धी तरी भरते.

रविवारी कधी मामाजींकडे जायचं असलं तर मी डावीकडे बसतो. मी वळणावर काही सुचवायला तोंड उघडलं की ती म्हणते, "तुमी खिडकीतून धान पाहा." धान चांगलं असतं त्या बाजूला. पाहतो.