डावा गाल

वकिलातीच्या भिंतीसमोर रस्ता ओलांडला की ओळीने तीन दुकानं होती. एक झेरॉक्सचं, एक फॉर्म भरून देणाऱ्याचं आणि एक फोटोचं. फोटोवाल्याला सगळे कानवाले काका म्हणत, कारण दिवसातून पन्नास वेळा ते एकच वाक्य बोलत, "कान दिसू द्या." आत व्हिसाच्या अर्जावरचा फोटो नापास झाला की माणसं रांगेतली जागा कुणाला तरी सांभाळायला सांगून धावत त्यांच्याकडे येत. काका त्यांना स्टुलावर बसवत, हनुवटीला बोट लावून चेहरा सरळ करत, चष्मा काढायला लावत आणि पाच मिनिटांत पांढऱ्या पार्श्वभूमीचे चार फोटो हातात ठेवत.

सल्ला फुकट होता. "विचारतील तेवढंच सांगा. फाईल उलगडून बसू नका. परत येणार का म्हणाले, तर पटकन हो म्हणा, विचार करून म्हणू नका." हे सगळं काका अशा थाटात सांगत, की ऐकणाऱ्याला वाटावं, खिडकीमागचा साहेब रोज यांच्याकडूनच धडे घेऊन जातो. प्रत्यक्षात काकांनी त्या फाटकाच्या आत कधी पाऊल ठेवलं नव्हतं. त्यांचं ज्ञान बाहेर येणाऱ्यांच्या तोंडून गोळा केलेलं होतं.

आणखी एक गोष्ट ते फुकट करत, ती म्हणजे टचिंग. निगेटिव्हच्या जमान्यात त्यांच्या उस्तादाने त्यांना टोकदार पेन्सिलीने सुरकुती पुसायला शिकवलं होतं. आता पेन्सिल गेली, माऊस आला, पण हात तोच. मस, मुरमाचा खड्डा, डोळ्यांखालचं काळं, जे दिसेल ते ते काढून टाकत. कुणाला विचारत नसत. माणूस परक्या लोकांपुढे उभा राहणार, जरा नीटनेटका नको का दिसायला, असं त्यांचं म्हणणं. नेमकी तीच गोष्ट चालत नाही, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. नकाराच्या कागदावर छापील कारणांपैकी एकावर खूण असायची, आणि ती कारणं इतकी मोघम असत की त्यातून कुणालाच काही कळू नये. एखादा पडेल चेहऱ्याने परत आला की काका त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणत, "घाबरलात तुम्ही. आवाज कापला असेल."

काकांची एकुलती एक लेक लग्न होऊन परदेशात गेली होती. तिचं पहिलं बाळंतपण जवळ आलं होतं आणि डॉक्टरांनी अंथरुणातच पडून राहायला सांगितलं होतं. जावई पाळ्यांची नोकरी करणारा, घरात तिसरं माणूस नाही. ती फोनवर म्हणाली, "आई, तू ये. बाबा आले तरी चालतील." काकांनी ते हसण्यावारी नेलं. दोन महिने खटपट केल्यावर दोघांना एकाच दिवशीची मुलाखत मिळाली. बाळाची तारीख त्यानंतर तीन आठवड्यांनी होती. त्यामुळे जे व्हायचं ते त्या एका सकाळी व्हायला हवं होतं.

फोटो अर्थातच काकांनी घरचेच काढले. काकूंच्या डाव्या गालावर, कानापासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत, भाजल्याचा मोठा डाग होता. लेक दीड वर्षांची असताना स्टोव्ह भडकला होता. पोर काकूंच्या कडेवर होती. त्यांनी तिला पाठीकडे वळवलं आणि स्वतःचा गाल पुढे केला. पोरीचा केससुद्धा जळला नाही. पण त्या दिवसापासून काकांनी बायकोचे जितके फोटो काढले, त्यातल्या एकातही तो डाग राहू दिला नाही. भिंतीवरच्या फोटोत नाही, रेशनकार्डावर नाही, लेकीच्या लग्नाच्या अल्बममध्येही नाही. त्यांना वाटे, हे आपलं प्रेम आहे. काकूंनीही कधी तोंडातून शब्द काढला नव्हता. फक्त व्हिडिओ कॉलवर लेकीशी बोलताना त्या नेहमी उजवी बाजू पुढे करून बसत.

पासपोर्टवरचा फोटो तेवढा सरकारी कॅमेऱ्याने काढला होता, आणि त्यात डाग होता. काकांनी तो पाहिला तेव्हा नाक मुरडलं होतं. "तिथल्या माणसाला उजेड कसा टाकायचा तेच कळत नाही. उगाच वाईट काढलंय तुला." मग त्यांनी व्हिसाचा फोटो नेहमीपेक्षा जास्त वेळ घालवून केला. स्वतःच्या फोटोला मात्र त्यांनी हात लावला नाही. पुरुषाचा चेहरा, चालतो, असं त्यांना वाटलं.

त्या सकाळी रांगेत उभं राहताना काकांची ऐट पाहण्यासारखी होती. पहारेकऱ्याने सलाम ठोकला, दोन-तीन अर्जदारांनी "काका, आज तुम्हीसुद्धा?" असं विचारलं. काकांनी त्यांना कान दिसतायत ना ते तपासून दिलं. पिशव्या बाहेर ठेवून, टोकन घेऊन ते आत गेले. प्लॅस्टिकच्या खुर्च्या भरलेल्या, समोर काचेच्या खिडक्या, आणि प्रत्येक खिडकीला एक भोंगा, ज्यातून साहेबाचं आणि दुभाष्याचं बोलणं सगळ्या खोलीला ऐकू येई.

काकांचं काम चार प्रश्नांत झालं. साहेबाने त्यांचा पासपोर्ट एका ट्रेमध्ये ठेवून घेतला, म्हणजे व्हिसा मिळाल्यातच जमा. मग काकूंची पाळी आली. साहेबाने पासपोर्ट उघडला, फॉर्मवरचा फोटो पाहिला, पुन्हा पासपोर्ट पाहिला. नंतर काहीतरी बोलला, आणि दुभाषी भोंग्यातून म्हणाला, "हा फोटो तुमचाच आहे का?"

"हो," काकू म्हणाल्या.

"काचेजवळ या. केस मागे घ्या. डावा गाल इकडे करा."

काकूंनी केस मागे घेतले आणि गाल काचेकडे केला. मागच्या खुर्च्यांवरची कुजबुज थांबली. साहेब कितीतरी वेळ फोटो आणि गाल, गाल आणि फोटो पाहत राहिला. त्या वेळात काकांना वाटलं, खालची फरशी फाटावी आणि आपण आत जावं.

"फोटोत फेरफार केलेला आहे," दुभाषी म्हणाला. "कुणी केला?"

आयुष्यभर लोकांना पटकन उत्तर द्यायला शिकवणारे काका ट्रेमधल्या आपल्या पासपोर्टकडे पाहू लागले. ते एक पाऊल मागे उभे होते. पुढे होऊन "मी केला" म्हणायला फार तर दोन क्षण लागले असते. ते मागेच उभे राहिले. आपलाही पासपोर्ट त्या ट्रेमधून परत बाहेर येईल, ही धास्ती त्यांच्या मनात येऊन गेली, आणि ती आली हेच त्यांना पुढे कितीतरी दिवस गिळता आलं नाही.

"दुकानात काढला," काकू शांतपणे म्हणाल्या. "त्यांच्याकडून चूक झाली असेल."

साहेबाने एक छापील कागद सरकवला. तीन महिन्यांनी पुन्हा अर्ज करता येईल, असं दुभाष्याने वाचून दाखवलं. काकू कागद आणि पासपोर्ट घेऊन वळल्या, आणि बाहेर येईपर्यंत त्यांनी केस पुन्हा पुढे ओढले नाहीत.

फाटकाबाहेर काका म्हणाले, "अगं, मला वाटलं..."

"अहो, इतक्या वर्षांत एकदा तरी विचारायचं होतंत," काकू म्हणाल्या. "मला वाटायचं, तुम्हाला बघवत नाही." मग त्या रिक्षाने घरी गेल्या. काकांना त्यांनी सोबत बोलावलं नाही.

काका दुकानात येऊन शटर अर्धं ओढून बसले. खणात प्रत्येक गिऱ्हाइकाची एकेक जादा प्रत ठेवायची त्यांची सवय होती. त्यांनी खण उघडला आणि एकेक चेहरा पाहू लागले. कुणाची जखम पुसली, कुणाचा मस काढला, हे त्यांच्या हाताला पाठ होतं. मग त्यांना प्राथमिक शाळेतल्या बाई सापडल्या. हनुवटीखाली कोडाचे पांढरे डाग असलेल्या. आजारी भावाला भेटायला जायचं होतं. पहिल्यांदा नकार मिळाला तेव्हा काकांनी त्यांना आवाज कसा ठेवायचा ते शिकवलं, आणि नवा फोटो आणखी निगुतीने पुसून दिला. दुसऱ्यांदा नकार घेऊन त्या बाहेर आल्या तेव्हा म्हणाल्या होत्या, "माझ्यातच काहीतरी कमी आहे, काका." आणि काकांनी मान डोलावली होती. ती मान डोलावलेली आठवून ते एकटेच लाजेने लाल झाले. बाईंचा नंबर प्रतीच्या मागे होता. त्यांनी तो तीनदा जुळवला आणि तीनदा कापला. चौथ्यांदा बाईंनी उचलला. काकांनी सगळं सांगितलं. मग बाई एवढंच म्हणाल्या, "भाऊ गेला हो मागच्या वर्षी," आणि फोन ठेवला.

संध्याकाळी घरी लेकीचा फोन वाजला. काकूंनी तो उचलून काकांच्या हातात दिला. "मी नाही सांगणार. तुम्ही सांगा."

"आईचा झाला नाही," काका म्हणाले. "माझ्यामुळे. फोटोतला डाग मी पुसला."

लेक म्हणाली, "बाबा, लहानपणी मला वाटायचं, आईचा डाग फक्त मलाच दिसतो. कुठल्याच फोटोत नसायचा ना. मी घाबरून कुणाला विचारलंसुद्धा नाही." ती रडत नव्हती, आणि त्यामुळे काकांना जास्त लागलं. "तुम्ही तरी या," ती म्हणाली. या वेळी त्यात चेष्टा नव्हती.

जायच्या आदल्या दिवशी काका बॅग भरत होते. बाळंतिणीचं काय काय करायचं ते काकूंनी एका वहीत लिहून दिलं होतं, अंघोळीच्या पाण्यापासून बाळाची मान कशी धरायची तिथपर्यंत. आयुष्यात स्वतःचा टॉवेल न धुतलेला माणूस ती वही पाठ करत होता, आणि ज्या हातांना हे सगळं न वाचता करता येत होतं ते हात शेजारी बसून कपड्यांच्या घड्या घालत होते.

घड्या संपल्यावर काकूंनी पर्समधून एक पट्टी काढली. स्टेशनवर ते पडदा लावलेलं यंत्र असतं ना, नाणं टाकलं की आपोआप फोटो काढणारं, त्यातली. चार फोटो. समोर पाहणारा चेहरा, कान दिसतायत, केस मागे, आणि डावा गाल कानापासून ओठापर्यंत जसाच्या तसा.

काकांनी पट्टी हातात घेतली. उजेड सपाट होता, हनुवटी किंचित तिरकी होती.

"तीन महिन्यांनी लागतील," काकू म्हणाल्या. "दुकानातून नीट कापून आणा. बाकी काही करू नका."

काका तसेच उठले, दुकानात गेले, कटर पुसला आणि पट्टी त्याखाली धरली. चारही फोटो त्यांनी मापात कापले. तीन पाकिटात घातले. चौथा काकूंना विचारून स्वतःसोबत न्यायचा म्हणून त्यांनी वेगळा ठेवला आणि विचारायला घरी निघाले.