सूपआक्काचा डावा कान

माझ्या वक्तृत्वाचा सोलापुरात एकदाच कस लागला आणि तोही एका बहिऱ्या कानापुढे. बहात्तरच्या दुष्काळानंतरची गोष्ट. शुक्रवार पेठेत आम्ही ज्यांच्याकडे दोन खोल्या घेऊन राहत होतो, ते आप्पा एका सकाळी माझ्याकडे आले नि म्हणाले, "तुम्ही ऑफिसातले. ओट्यावर ती बाई येऊन बसलीय, तिला जरा नीट शब्दांत उठवा." ओट्यावर एक किडकिडीत तेलुगू बाई मांडीवर सूप घेऊन बिड्या वळत होती. मी तिच्याशेजारी उकिडवा बसलो आणि दुसऱ्याचं घर, शेजारधर्म, चार माणसांतली अब्रू असे मुद्दे घेत बोलत राहिलो. मध्ये एक उपमासुद्धा दिली. तिचे हात चालूच होते. पत्ती गुंडाळायची, तंबाखू दाबायची, दोरा बांधायचा. एवढं शांतपणे माझं कुणी आजवर ऐकलं नव्हतं. मला वाटलं, बोलणं लागू पडतंय. मी थांबलो तशी तिनं मान वळवली.

"झालं?" ती म्हणाली. "आता हिकडच्या अंगाला येऊन सांगा. तो कान ऐकत न्हाय. तो नवऱ्यानं नेला."

दाराआड उभी असलेली माझी बायको सुमन तोंडाला पदर लावून आत पळाली. त्या दिवसापासून मी घरात काही लांबण लावलं की ती मुकाट्यानं डावा कान माझ्याकडे करते.

बाईचं नाव नरसव्वा. पण शहराचा सगळा पूर्व भाग तिला सूपआक्का म्हणायचा, कारण सुपाशिवाय तिला कुणी पाहिलंच नव्हतं. ज्या घरात बाईला मार बसतो असं कानावर येई, त्या घराच्या ओट्यावर आक्का सूप घेऊन जाऊन बसे. घोषणा नाही, भांडण नाही. कुणी विचारलंच तर म्हणे, "भांडायला येळ कुणाला हाय? मी काम करायला आलेय. बिडी काय, मांडी असली की कुटंबी वळता येती." घरातला पुरुष शिव्या देत बाहेर आला की ती डावी बाजू त्याच्याकडे करून बसे. "देवानं दोन कान दिलेत. ह्यो कामाचा, त्यो शिव्यांचा," असं तिचं वाटप होतं.

हे ती कुठं शिकली, ते तिनंच पुढे एकदा आमच्याकडे चहा घेताना सांगितलं. तिचा नवरा मागावर कामाला होता. "त्येचा हात मागावर कमी नि माझ्यावर लई चालायचा." एका तडाख्यात कान गेला. तेव्हा शेजारची यल्लव्वा म्हातारी आपलं सूप घेऊन आली नि उंबऱ्यातच बसली. दुसऱ्या दिवशीही आली. "म्हातारी एक शब्द बोलली न्हाय. पण भाईरचं मानूस बसलंय म्हटल्यावर ह्येचा हात वर जाईना की! तवा मला कळलं साहेब. मी समजत होते, ह्येला राग आवरत न्हाय. राग बरोबर आवरत होता. दार लावलेलं असायचं म्हणून हात चालत होता." पुढे नवरा भिवंडीला निघून गेला तो परतला नाही. आक्का हे सांगताना हसली होती. माझा चहा मात्र तसाच निवला.

आमच्या ओट्यावर ती आली होती ती आप्पांच्या सुनेसाठी, कुसुमसाठी. आप्पांचा मुलगा दिवसभर कापडाच्या दुकानात गिऱ्हाइकांशी मधासारखा गोड बोलायचा. कुसुमच्या तोंडावरचा वळ दिसला की आप्पा सांगायचे, "न्हाणीत पाय घसरला." त्या न्हाणीत आम्हीही अंघोळ करत होतो. आम्ही कुणी घसरत नव्हतो. सुमननं हे भांडी घासायला येणाऱ्या बाईला सांगितलं आणि ती बाई निघाली आक्काच्या गल्लीतली. हा सगळा व्यवहार मला कळण्याआधीच मी आप्पांच्या बाजूनं भाषण करून मोकळा झालो होतो.

दुसऱ्या दिवशी ओट्यावर आणखी सुपं आली. संध्याकाळी मी ऑफिसातून परतलो तर बिडीवाल्यांच्या ओळीत शेवटी एक नऊवारी नसलेलं ओळखीचं पातळ दिसलं. आमच्या सौभाग्यवती सूपभर तांदूळ घेऊन निवडत बसल्या होत्या! माझ्या डोळ्यांपुढे आमचं सामान रस्त्यावर आलेलं दिसलं, वर पालथी घातलेली माझी वेताची खुर्चीसुद्धा.

"अगं, आप्पा खोल्या खाली करायला सांगतील," मी आत गेल्यावर कुजबुजलो.

"सांगू देत. त्या मुलीला ह्या घरातून जायचं असलं तर कुठं जाईल ते आधी बोला."

रात्री पहिल्याच घासाला माझ्या दाताखाली खडा आला. मी म्हटलं, "दिवसभर तांदूळच निवडत होतीस ना?"

"निवडत कुठं होते? दाराकडं बघत होते," ती म्हणाली.

रविवारी आप्पांच्या मुलीला बघायला नातेपुत्याहून पाहुणे यायचे होते. सकाळी आप्पा कडक धोतर नेसून ओट्यावर आले आणि समोर सुपांची रांग पाहून तसेच मागे वळले. मला त्यांनी बोलावून घेतलं. मी ह्या वेळी न चुकता आक्काच्या उजव्या बाजूला बसलो आणि एवढंच विचारलं, "तुम्हाला काय हवंय?"

"मला काय करायचंय? जिला मार बसतो, तिला इचारा की."

आप्पांनी हाक मारली. कुसुम दारात आली. सासऱ्यांपुढे तिला कधी बोललेलं आम्ही ऐकलं नव्हतं. तिनं आप्पांकडे पाहिलं नाही, नवऱ्याकडे पाहिलं नाही. ती आक्काच्या हातांकडे बघत होती, आणि ते हात वळतच होते.

"मामंजी, मला आज जेऊरला जायचंय, आईकडं. आणि परत यायचं का नाही, ते मी कळवीन."

"बायको माझी आहे," मुलगा पुढे सरकत म्हणाला.

त्याच क्षणी सगळे हात थांबले. इतका वेळ चाललेली पत्तीची कुरकुर बंद झाली, आणि एवढ्या बायका नुसत्या त्याच्याकडे बघत राहिल्या. तो एक पाऊल मागे गेला. आप्पा म्हणाले, "जाऊ दे तिला."

स्टेशनवर आक्का आणि सुमन पोचवायला गेल्या. गाडीत बसताना आक्का तिला म्हणाली, "ये न्हायतर येऊ नगंस. पर ठरीव तू." पाहुणे आले तेव्हा ओटा रिकामा होता. बायका माझ्या बोलण्यानं उठल्या, अशी आप्पांची शेवटपर्यंत समजूत होती. मी ती मोडली नाही. खोल्या हवेशीर होत्या.

कुसुम वर्षभरानं सोलापुरात परतली, पण त्या घरात नव्हे. बालवाडीत नोकरी धरली, पलीकडच्या गल्लीत खोली घेतली आणि सुट्टीच्या दिवशी आक्काबरोबर जाऊ लागली. बिडी तिला येत नव्हती, म्हणून सुपात तांदूळ. पहिल्यांदा परक्या ओट्यावर बसली तेव्हा तिची नजर दाराकडंच, नि निम्मे तांदूळ खाली सांडले. आक्का म्हणाली, "सांडू दे. चिमण्याबी साक्षीला येतील." हळूहळू कुणाच्या ओट्यावर कुणी बसायचं ते कुसुमच ठरवू लागली. चौकीतले हवालदारसुद्धा तक्रार घेऊन आलेल्या बाईला म्हणत, "लिहून घेतो, पण आक्काला सांगितलंय का?"

आणीबाणी उठली त्या वर्षी आक्काची छाती पार बसली. तंबाखूची धूळ जन्मभर आत गेलेली. दवाखान्यात भेटायला गेलो तेव्हा मी खाटेजवळ बसून बराच वेळ धीराच्या गोष्टी सांगितल्या. तिनं डोळे न उघडताच विचारलं, "कारकूनसाहेब आले व्हय? बोला, बोला. तुमाला त्योच कान आवडतो." मी पुन्हा डावीकडेच बसलो होतो.

ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी घरी वेताच्या खुर्चीत बसून बोलत होतो. अशी बाई पुन्हा होणे नाही, आता ह्या बायकांना वाली कोण, एक पर्व संपलं, वगैरे. सुमन कोपऱ्यात काहीतरी बांधाबांध करत होती. तिचा डावा कान माझ्याकडे होता. शेवटी मी थांबलो. तेव्हा ती वळली. तिचे डोळे लाल होते.

"झालं?" ती म्हणाली. "मग उठा. कुसुम सकाळपासून एका ओट्यावर एकटी बसलीय. सूप मी घेते, तांदूळ तुम्ही घ्या. निवडता नाही आले तरी चालेल. दाराकडं बघता येतं ना?"