तोंड दाखवा, मग फाइल

उद्या सकाळी माझी मुलगी तिच्या मॅनेजरला काय उत्तर देणार, या एका विचाराने आज माझ्या डोळ्याला डोळा लागत नाही. तिचे बाबा "तिचं ती बघेल" म्हणून कूस बदलून मोकळे झाले. मी आपली स्वयंपाकघरात टेबलाशी लिहीत बसले आहे.

तिला आम्ही मनी म्हणतो. रांगत होती तेव्हापासून समोर काही ठेवलं की आधी वास घ्यायची, बोटाने ढोसून बघायची आणि मगच तोंडात घालायची, म्हणून बाबांनी हे मांजरीचं नाव ठेवलं. शाळेत जायच्या आधीच एका तापात तिचे कान गेले. तेव्हापासून तिच्या वतीने सगळे फोन मी केले. डॉक्टरांना, शाळेला, घरमालकाला. आता ती दुसऱ्या शहरात एकटी राहते आणि घरी बसून भरतकामाच्या एका कारखान्याचं काम करते. कारखाना फुलापानांचं चित्र पाठवतो. त्यातला प्रत्येक टाका कुठून निघेल आणि कुठे वळेल हे मनी कॉम्प्युटरवर ठरवते, मग तिकडे मशीनची सुई त्याच वाटेने धावते. चित्रं मेसेजवर येतात, नमुने मेसेजवर जातात. आजवरची तिची सगळी मेहनत खिडकीजवळच्या त्या एका कॉम्प्युटरमध्ये आहे.

तिचा एक नियम आहे. कुणीही फाइल पाठवली की ती लगेच उघडत नाही, आधी व्हिडिओ कॉल लावते. माणूस दिसला, "हो, मीच पाठवली" म्हणून त्याने मान हलवली, की कॉल बंद आणि फाइल उघडली. हे कारखान्याच्या मॅनेजरच्या डोक्यात जातं. एकदा तो केसांना कलप लावून बसला होता आणि तशाच अवतारात त्याला तोंड दाखवावं लागलं. "मी काय चोर आहे?" असं त्याने नंतर चिडून लिहिलं. मनीने उत्तर दिलं, "नाही ना, बघून खात्री झाली. काळा रंग शोभतो तुम्हाला."

मलाही सूट नाही. "अगं, मी तुझी आई आहे!" असं मी लिहिलं, तर म्हणते, "आईच्या नावाने फाइल आली आहे. आई दिसू दे."

माझा भाऊ, म्हणजे तिचा मामा, तिला फौजदारीणबाई म्हणायचा. मलाही वाटायचं, पोरगी जरा अतीच करते. मागच्या वर्षीपर्यंत.

मागच्या वर्षी तिच्या बाबांना एका मित्राच्या नावाने फोटो आला. त्यांनी तो घरच्या कॉम्प्युटरवर उघडला. काहीच दिसलं नाही, म्हणून ते चहा प्यायला उठले. इकडे त्यांचा चहा चालू होता आणि तिकडे त्यांच्याच नावाने, त्यांच्या यादीतल्या सगळ्यांना एकच मेसेज जात होता: "हा फोटो बघ, यात तूच आहेस ना?" सोबत फाइल. मामाने तो लगेच उघडला. दाजींनी पाठवलेला फोटो, कोण शंका घेणार?

मनीने उघडला नाही. कप अजून हातात होते, तेवढ्यात माझ्या मोबाइलवर तिचा व्हिडिओ कॉल. खुणांच्या भाषेत तिचे हात भराभर चालत होते.

"बाबा कुठे आहेत?"

"इथेच, चहा पिताहेत."

"कॉम्प्युटरची इंटरनेटची वायर ओढ."

"का? झालं काय?"

"आधी वायर. मग प्रश्न."

मी धावले, वायर ओढली आणि पुन्हा तिच्यासमोर आले. बाबांनी नाही पाठवलं हे तुला कसं कळलं, असं विचारलं. तेव्हा ती जे म्हणाली, त्याने माझ्या अंगावर काटा आला. अजूनही येतो.

"बाबा एक ओळ लिहायला बसले की 'टाइप करत आहे' असं दिसतं. मग जातं. पुन्हा येतं, पुन्हा जातं. चष्मा शोधतात, अक्षर शोधतात. तोवर माझी भांडी घासून होतात. हा मेसेज एकदम आदळला. त्याच्यामागे कुणी बसलेलंच नव्हतं, आई."

आपण जिन्यातल्या पावलांवरून ओळखतो, कोण आलं ते. माझ्या मुलीने पावलं तिथे शोधली होती जिथे आम्हाला नुसता कोरा पडदा दिसतो. आणि गंमत म्हणजे, ती त्यावरही विसंबत नाही. "अंदाज चुकू शकतो," म्हणाली. "म्हणून तर तोंड बघते." फाइलच्या नावाचं टिंबानंतरचं शेपूटही तिने तपासलं होतं. ते फोटोचं नव्हतं, प्रोग्रॅमचं होतं.

तो सगळा दिवस तिने बाबांच्या ओळखीच्या माणसांना एकेक करून व्हिडिओ कॉल लावले. कागदावर मोठ्या अक्षरात लिहून कॅमेऱ्यासमोर धरायची: बाबांच्या नावाने आलेलं काहीही उघडू नका. कितीतरी जणांचं नुकसान वाचलं. मामाचं मात्र वाचलं नाही. लग्नापासूनचे त्याचे सगळे फोटो त्या फाइलने कुलूपबंद केले, ते कायमचेच. फौजदारीणबाई हा शब्द त्याने पुन्हा उच्चारला नाही.

मग ती इथे आली. बाबांचे पासवर्ड तिने आपल्या मोबाइलवरून बदलले, आमचा कॉम्प्युटर पुसून पुन्हा उभा केला आणि बाबांना वेगळं खातं करून दिलं, ज्यातून नवीन काही बसवताच येत नाही. "स्वतःच्या घरात भाडेकरू केलं मला!" असं ते कुरकुरले. "भाडं तरी कुठे मागते?" म्हणाली.

आज संध्याकाळी तिने व्हिडिओ कॉलवर सांगितलं. मॅनेजरचा हुकूम आला आहे. यापुढे सगळ्या फाइल एका सामाईक अकाउंटवरून येतील, त्यावर कोणीही बसेल. व्हिडिओ कॉल बंद. आली फाइल की उघडायची. पटत नसेल तर काम दुसरीकडे जाईल. उद्या सकाळपर्यंत हो की नाही ते कळवायचं.

मी म्हणाले, "जरा नमतं घे गं. पाण्यात राहून माशाशी वैर कशाला?"

ती म्हणाली, "बघते. पण तू त्यांना फोन करू नकोस हं."

ओळखून आहे मला. मॅनेजरचा नंबर माझ्याकडे आहे आणि उजाडल्याबरोबर त्याला काय सांगायचं, हे मी संध्याकाळपासून मनात घोळवते आहे. साहेब, पोरीला ऐकू येत नाही, जरा समजून घ्या. पण इतकं सगळं लिहिल्यावर ते वाक्य मनातल्या मनात जुळवतानासुद्धा पुरं होईना. काय म्हणून समजून घ्यायचं? ती बरोबर आहे.

काम जाईल. खोलीचं भाडं, वीज, सगळं त्या कामावर आहे. भीती वाटते, खोटं कशाला बोलू? पण नमतं घे म्हणाले, ते मला परत घ्यायला हवं, आणि तेही तिने उत्तर पाठवायच्या आत. मॅनेजरचा नंबर बाजूला केला. मनीला व्हिडिओ कॉल लावते आहे. दिवा जवळ ओढून घेतला, हात नीट दिसायला हवेत. झोपली असली तरी उठवणार.