घरात न मरण्याची अट

भवानीबाईंनी म्हैसूरच्या विद्यारण्यपुरातली खोली घेतली ती एका अटीवर: त्या घरात मरायचं नाही. घरमालकीण वरलक्ष्मी हे तोंडावर बोलली, एवढंच तिचं वेगळेपण. बाकीचे मालक गोड हसून "खोली कालच गेली हो" म्हणायचे. एकटी म्हातारी भाडेकरू ठेवायची म्हणजे धास्तीच. ती पंचकात किंवा तसल्याच वाईट नक्षत्रावर गेली, तर घराला कुलूप घालून काही महिने सगळ्यांनी बाहेर राहायचं, अशी तिकडची रीत. वरलक्ष्मीचं बिऱ्हाड वरच्याच मजल्यावर होतं.

"अज्जी, तब्येत बिघडली की भाच्याला बोलवा, हॉस्पिटलात जा. इथं काही व्हायला नको," ती कन्नडमध्ये म्हणाली.

"आय्तु, ठरलं," म्हणून भवानीबाई मोकळ्या झाल्या. वणवण करून घर मिळालं की माणूस कशालाही हो म्हणतं.

शाळेत शिवण शिकवून त्या निवृत्त झालेल्या. नवरा गेलेला, मूलबाळ नाही. पणजोबा म्हैसूरच्या घोडदळात होते, याचा मात्र भारी तोरा.

अट पाळायला लागल्यावर कळलं, की ती मरणापुरती नाही. खोकलासुद्धा पदरात तोंड खुपसून काढायचा. ताप असला तरी सकाळी दारात रांगोळी हवीच, कारण वरलक्ष्मी गॅलरीतून आधी ती बघायची आणि मग दूध तापवायची. आजारी पडायचीही चोरी! भाडं भरून माणसानं स्वतःच्या खोलीत चोरासारखं राहायचं, हा कुठला न्याय?

मग एकदा त्या न्हाणीघरात घसरल्या. खुब्यातून अशी कळ गेली की डोळ्यांपुढे अंधारी आली. हाक मारणार तोच वर पावलं वाजली आणि त्यांनी ओठ घट्ट मिटले. दुसऱ्या दिवशी बसून, सरकत सरकत रांगोळी काढली. वर बघून हसल्यासुद्धा.

भाचा शरत भेटायला आला, तेव्हा आत्या भिंत धरून चालते हे त्याच्या नजरेतून सुटलं नाही. त्याचा संसार एका खोलीचा, त्यात बायको आणि मुलं. "आत्या, येलवालला वृद्धांचं होम आहे, चन्नागिदे, छान आहे. एकदा बघू या की," तो म्हणाला.

"बेड रे, नको, सुम्मने, उगाच कशाला तुला त्रास?" असं म्हणत म्हणतच त्यांनी साडी बदलली.

होम खरंच छान होतं. झाडं होती, स्वयंपाकघरातून सांबाराचा वास येत होता. तिथली मॅनेजर सुष्मा नम्रपणे म्हणाली, "अज्जी, त्या टोकापर्यंत एकट्या चालून दाखवा. आम्ही स्वतःचं स्वतः करणाऱ्यांनाच घेतो. अंथरुणावरच्यांना बघायला माणसं नाहीत आमच्याकडे."

घोडदळातल्याची पणती ताठ मानेनं निघाली. अर्ध्या वाटेत खुब्यानं दगा दिला आणि भिंत धरावी लागली. सुष्मानं खुर्ची दिली, पाणी दिलं आणि हात धरून रिक्षापर्यंत पोचवलं. घर वृद्धांचं, आणि तिथं म्हातारपण तेवढं चालत नाही! ऐकणाऱ्याचंही डोकं फिरावं.

परतल्यावर शरत त्यांना जवळजवळ उचलूनच रिक्षातून उतरवत होता, ते वरलक्ष्मीनं गॅलरीतून पाहिलं. ती तशीच चपला घालून बाहेर गेली.

दुसऱ्या दिवशी ती भात आणि सारू, तिकडचं आंबट सार, घेऊन आली. "अज्जी, घाबरू नका. मी तुम्हाला रस्त्यावर काढणार नाही. पंचांग बघणाऱ्या जोशीबुवांना विचारून आलेय. गाडीच्या शेडला उंबरा नाही, छप्परही वेगळं आहे. तिथलं काही घराला लागत नाही."

तिनं हात धरून नेलं, तर शेडमध्ये खाट टाकलेली होती. वर धुतलेली चादर, आडोशाला वरलक्ष्मीची स्वतःची साडी, दिव्याची सोय. बाईनं मनापासून केलं होतं सगळं, आणि म्हणूनच भवानीबाईंना रागावताही येईना. खाटेवर टेकून वरच्या पत्र्याकडे बघत त्यांनी विचारलं, "पावसाळ्यात इथं पाणी येईल की गं?"

सारू वाढता वाढता वरलक्ष्मीचा हात थांबला. "तोपर्यंत..." ती म्हणाली आणि पुन्हा सारू वाढू लागली.

भवानीबाईंनी ताट पुढं ओढलं. भूक नव्हती, तरी त्या जेवत राहिल्या. अन्न टाकलेलं दिसलं असतं, तर शेवट जवळ आला समजून ती पुन्हा जोशीबुवांकडे गेली असती.