तूदाचा शुक्रवार

बेलाईदच्या पोटात दुखायला फार मोठं कारण लागत नसे. शेजाऱ्याने दाराला नवा निळा रंग दिला की दुखे, मेहुण्याच्या जाळ्यात चार मासे जास्त आले की दुखे. समुद्रकाठच्या एसाविराच्या जुन्या शहरात तो हातगाडीवरून गॅसचे सिलिंडर पोचवायचा. त्यामुळे कोणाच्या घरात काय शिजतं हे त्याला सगळ्यांत आधी कळायचं आणि जळफळाटाला रोजचा शिधा आयता मिळायचा. माणूस वाईट नव्हता. एखाद्या म्हातारीचा सिलिंडर तिसऱ्या मजल्यावर चढवून शेगडीला जोडूनही द्यायचा. फक्त उतरताना तिचा गालिचा आपल्यापेक्षा जाड आहे का, तेवढं बघून घ्यायचा.

या खेपेचं दुखणं मात्र खरं होतं. त्याची बायको तूदा दर शुक्रवारी एका डच बाईच्या रेस्टॉरंटात कुसकुस, म्हणजे आमचा शुक्रवारचा वाफवलेल्या रव्याचा थाळा, करायला जाऊ लागली होती.

बाईचं नाव मार्ग्रीत. तिने तटबंदीजवळचं एक पडकं घर घेऊन त्याचं असं काही केलं, की आमच्याच गावात ते आम्हाला परकं वाटावं. तिथे भांडी घासणारी यामना तूदाची मावसबहीण. तिच्यासाठी तूदाने एकदा डबा नेला, मार्ग्रीतने त्यातला घास चाखला आणि पुढच्याच शुक्रवारी बोलावणं आलं. बेलाईदच म्हणाला होता, "जा की, घरात बसून काय माशा मारायच्यात?" त्याला वाटलं, दोन आठवड्यांत बाईची हौस फिटेल. हौस काही फिटली नाही. उलट दाणा वळायला हात मऊ राहावेत म्हणून तूदा गुरुवारी रात्रीच हातांना तेल लावून झोपू लागली.

आता शुक्रवारी दुपारी नमाज पढून यावं, तर गल्लीतल्या प्रत्येक दारातून वाफेवरच्या कुसकुसाचा वास आणि बेलाईदच्या दाराला कुलूप. आत झाकून ठेवलेली कालची मसुराची आमटी. एका शुक्रवारी शेजारणीने कुसकुसाची ताटली पाठवली, वर भोपळ्याची फोड, कडेला मूठभर काबुली चणे. अशी ताटली आमच्याकडे विधुराला जाते, नाहीतर मशिदीच्या पायरीवरच्या भिकाऱ्याला. बेलाईदच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ताटली त्याने खाल्ली, पण आग काही विझली नाही.

त्यातच रेस्टॉरंटाच्या दाराशी एक फलक लागला. त्यावर तूदाचा फोटो, तोंडभर हसणारा. बायकोचे सगळे दात बेलाईदने उभ्या संसारात असे एकत्र पाहिले नव्हते. फलकाखाली फ्रेंच आणि इंग्रजी. तिचं नाव तेवढं त्याला ओळखता आलं. रस्त्याने जाणारा कोणीही उपटसुंभ ते हसू बघू शकत होता, आणि ज्याचा हक्क तो आमटीत पाव बुडवत बसला होता.

मग त्याने ठरवलं. पुढच्या शुक्रवारी तिथे समोरच्या दाराने जायचं, गिऱ्हाईक म्हणून बसायचं, दाम मोजून बायकोच्या हातचं खायचं आणि तिथल्या तिथे तिला सांगायचं, की झालं तेवढं पुरे, येत्या शुक्रवारी चूल घरी पेटली पाहिजे.

पांढरा पायघोळ जेलाबा, पिवळ्या नव्या चपला, कानामागे अत्तर. वाटेत वाण्याकडून ताकाची एक पिशवीही घेतली. कोणाकडे कुसकुस खायला जायचं तर हात हलवत कसं जायचं? आणि ताकाशिवाय कुसकुस घशाखाली उतरतं कोणाच्या?

दारात कासाब्लांकाहून आलेला वेटर उभा होता, केसांची शेंडी बांधलेला.

"सिलिंडर मागच्या दाराने, हाज."

"सिलिंडर दिसतोय का माझ्या हातात?" बेलाईद म्हणाला. "आणि मी अजून हजला गेलेलो नाही."

"मग कोणाला भेटायचंय?"

"कुसकुसाला."

वेटरने त्याला चपलांपासून टोपीपर्यंत न्याहाळलं. "बुकिंग केलंय का?"

"जेवायला?"

"टेबलाचं हो. सगळी टेबलं गेलीत."

निम्मी टेबलं मोकळी होती. "गेलेल्या टेबलांची माणसं येईपर्यंत मी जेवून उठतो," असं म्हणून बेलाईद आत शिरला. संडासाच्या दाराशेजारी एक एवढंसं टेबल होतं, तिथे त्याला बसवलं. त्याच्या पाठोपाठ एक गोरं जोडपं आलं, चड्डीवर, पायांना वाळू. त्यांना कोणी बुकिंग विचारलं नाही. त्यांना खिडकी मिळाली, समुद्र मिळाला, ऑलिव्हची वाटी मिळाली आणि वेटरचं हसूही मिळालं. बेलाईदला वाटलं, आपण उठून त्यांच्याच ताटात जेवायला बसावं.

कुसकुस आलं ते भल्यामोठ्या बशीच्या मधोमध चिमुकला ढीग होऊन. वर एक गाजर, शिक्षा दिल्यासारखं उभं. पण पहिला घास तोंडात गेला आणि त्याचे डोळेच मिटले. तूदाचाच हात. तोच मोकळा दाणा, तोच मनुकांत मुरलेला कांदा. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात. इथे तर पिकत होतं त्याच्या घरी आणि विकत होती मार्ग्रीत. चमचा बाजूला सारून त्याने तळहातावर गोळा वळला, पिशवी दाताने फोडली आणि पेल्यात ताक ओतलं.

वेटर धावत आला. "बाहेरचं चालत नाही इथे!"

"ताक आहे रे बाबा, दारू नाही. ती तुम्हीच विकता."

"नियम आहे."

"कुसकुसाला ताक नाही असा नियम कोणाच्या आईने केला?"

आवाज चढला तशी मार्ग्रीत आली. उंच, उन्हाने भाजलेली, बोलायला अगदी मऊ. बेलाईद दर सोमवारी तिचे सिलिंडर आणून देई, पण गाडी नसलेला बेलाईद तिने कधी पाहिला नव्हता. मोडक्यातोडक्या अरबीत ती म्हणाली, "माफ करा हं. हे टेबल आता लागणार आहे. तुम्ही आवरता का?"

तेवढ्यात सगळी खोली टाळ्या वाजवू लागली. स्वयंपाकघराच्या दारात तूदा आली होती, पांढऱ्या एप्रनमध्ये. "ममा तूदा! ममा तूदा!" गोऱ्यांनी फोन वर केले. ती हसली, फलकावरच्यासारखीच. मग तिला संडासाच्या दाराशी नवरा दिसला आणि ते हसू तिथेच विरलं. टेबल हिसकावून घेतलं असतं, तरी बेलाईदला एवढं लागलं नसतं.

"ओळखतेस यांना?" मार्ग्रीतने विचारलं.

"नवरा माझा."

मार्ग्रीतने दोन्ही हात गालांवर ठेवले. "अरे देवा! आधी सांगायचं नाही का! घरची माणसं इथे कशाला बसतील? आत या, आत!" पैसे तर ती घेईचना. बशी उचलली, बेलाईदलाही जवळजवळ उचललं. गिऱ्हाईक म्हणून तो नको होता. नवरा म्हणून चालत होता, पण मागच्या खोलीत.

आत यामना आणि भाज्या चिरणारी एक बाई जमिनीवर चटई टाकून बसल्या होत्या. मध्ये मोठा थाळा, त्यातून वाफा निघत होत्या.

"या, सी बेलाईद, बिस्मिल्ला करा," यामना अदबीने म्हणाली. "आज पाहुणा आलाय गं, लल्ला तूदा!"

एप्रनला हात पुसून तूदा खाली बसली, थाळ्यात हात घातला, गोळा वळला, फुंकर मारली आणि सगळ्यांच्या आधी स्वतःच्या तोंडात टाकला.

बेलाईद बघतच राहिला. घरी आधी त्याचा आणि पाहुण्यांचा थाळा. तूदा मागाहून केव्हातरी तळाचं खरवडून खायची. कधी खायची ते त्याला माहीतही नव्हतं. बायकोला गरम कुसकुस खाताना तो जन्मात पहिल्यांदा बघत होता. तिचे गाल लाल झाले होते, ओठ तुपाने चमकत होते. आणि ही यामना, भांडी घासणारी यामना, हे दर शुक्रवारी बघते! त्याला तिचा एवढा मत्सर वाटला की हातातला गोळा वळायचाच राहिला.

"मीठ?" तूदाने विचारलं.

"आँ?"

"दर शुक्रवारी म्हणायचास ना, मीठ कमी. आज कसं आहे?"

"बरोबर आहे."

"घरीही एवढंच घालत होते."

यामना ओढणीआड खुदकन हसली. बेलाईदने जे बोलायचं ठरवून आणलं होतं ते बोलण्यासाठी घसा साफ केला. पण दारात मार्ग्रीत येऊन उभी राहिली आणि आनंदाने म्हणाली, "दर शुक्रवारी या! इथेच जेवा, सगळ्यांबरोबर!"

बेलाईदच्या जिवात जीव आला. चटईवर तर चटईवर, शुक्रवार तर मिळत होता. तो हो म्हणणार, तेवढ्यात तूदा मान वर न करताच म्हणाली, "नको."

"अगं, मी काही त्रास देणार नाही."

"हा थाळा माझा आहे, बेलाईद. इथे मला कोणाला वाढायचं नसतं." तिने दुसरा गोळा वळला. "तुझ्यासाठी मी शनिवारी घरी करीन. पण बसायचं एकाच थाळ्यावर, दोघांनी, गरम असताना."

शनिवारी कोणी कुसकुस खातं का, हे अगदी त्याच्या ओठांवर आलं होतं. अख्ख्या गावात असं एक घर नव्हतं, गल्ली महिनाभर हसली असती. बेलाईदने तिच्या लाल गालांकडे पाहिलं आणि ते वाक्य त्याने घासाबरोबर गिळून टाकलं.