मतदार तुळजाबाई

मी कुंभकोणमला सून म्हणून आले, त्याच आठवड्यात शेजारची एक उंच बाई आमच्या दारात येऊन खणखणीत आवाजात म्हणाली, "मी तुळजा. तुझं नांव काय गे?" मी पदराचं टोक पिळत उभी राहिले. आमच्यात लग्नात मुलीचं नाव बदलतात. जुनं सांगावं की नवं, तेच कळेना. शिवाय वडीलधाऱ्यांसमोर सुनेनं आपलं नाव आपल्याच तोंडानं उच्चारणं म्हणजे उद्धटपणा, हे आईनं बजावून पाठवलेलं. बाई हसली. "नांव म्हणजे काय विड्याचं पान आहे, तोंडांत धरून बसायला? बोलून टाक!"

सारी गल्ली तिला अक्का म्हणायची. तिच्या सासरचे पूर्वज कधीकाळी तंजावरच्या मराठ्यांच्या दरबारात होते म्हणे. तिच्या नवऱ्याचं, कृष्णरावांचं, आता पितळी भांड्यांचं दुकान होतं. घरात राज्य मात्र सासूचं, आत्याबाईंचं. उंबऱ्याबाहेर तमिळ, आत मराठी, आणि दोन्ही भाषांत आत्याबाईंचा शब्द शेवटचा. सुनेला त्या नावानं कधी हाक मारत नसत. "अगे" म्हटलं की अक्कानं ओळखायचं.

असल्या घरातली सून आपलं नाव सांगत गावभर का हिंडते, ते मला हळूहळू कळलं. आमच्या गावात पूर्वी घरपट्टी भरणारे आणि चार बुकं शिकलेले तेवढे मत द्यायचे. मी येण्यापूर्वीच झालेल्या, स्वतंत्र देशाच्या पहिल्या निवडणुकीत मत सर्वांना मिळालं. अक्काला त्याचं विलक्षण अप्रूप. आधी मतदारयादीसाठी नावं लिहायला माणूस आला, तेव्हा आत्याबाई तिण्णैवर, म्हणजे दारापुढच्या ओट्यावर, बसल्या होत्या. त्यानं घरातल्या बायकांची नावं विचारली. आत्याबाई गप्प. आणि दाराआड उभी असलेली अक्काही गप्प! इतकी धीट बाई, पण सासूसमोर परक्या पुरुषाला नाव सांगायला तिची जीभ उचलली नाही. त्यानं 'कृष्णरावांची पत्नी', 'कृष्णरावांची आई' असं लिहिलं आणि तो गेला.

मतदानाच्या दिवशी अक्का ठेवणीतलं नऊवारी रेशमी लुगडं नेसून, केसांत मोगरा माळून केंद्रावर गेली. "नाव नसलेल्या नोंदी वगळल्या, अम्मा," कारकून म्हणाला. पुढच्या मागच्या बायका आत जाऊन पेटीत चिठ्ठी टाकून आल्या. अक्का मोगऱ्यासकट परत आली. "मी उभी होतें," ती मला सांगायची, "हाडामांसाची. आणि तो म्हणतो, तुम्ही नाहींत."

दुसरी एखादी रडली असती किंवा विसरली असती. अक्कानं आमच्या बिऱ्हाडाबिऱ्हाडांतल्या मराठी बायकांना नाव घ्यायला शिकवायचं ठरवलं. नवऱ्याचं नव्हे, स्वतःचं. नवरात्रात अक्काकडे पायऱ्यांवर मांडलेल्या बाहुल्यांच्या कोलूपुढे हळदीकुंकू असे. तिथे आम्ही लाजत, यमकं जुळवत नवऱ्याचं नाव घ्यायचो. अक्कानं फर्मान काढलं, "आधीं आपलं नांव, मग त्यांचं. त्यावांचून सुंडल मिळणार नाहीं." खोबरं घातलेल्या त्या गरम हरभऱ्यांसाठी मी आयुष्यात पहिल्यांदा चारचौघींत म्हणाले, "मी अंबा." माझाच आवाज मला ओळखू येईना. अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू!

आत्याबाई मात्र पाटावरून उठून आत निघून गेल्या. "आमच्या घरच्या बायकांचीं नांवें रस्त्यावर पडत नव्हतीं," एवढंच म्हणाल्या. अक्कानं आत जाऊन त्यांच्यापुढे सुंडलची वाटी ठेवली, त्यांनी नाव न घेताही.

दुसरी निवडणूक जवळ आली आणि नावं लिहिणारा पुन्हा दारात उभा राहिला. मी आमच्या ओट्यावर तांदूळ निवडत होते. हातातलं सूप तसंच राहिलं. आत्याबाई तिण्णैवर, मागे दारात अक्का. त्यानं विचारलं. अक्काचे ओठ पांढरे पडले होते. मग ती उंबरा ओलांडून पुढे आली, सासूच्या पाया पडली आणि उठून म्हणाली, "तुळजाबाई. कृष्णरावांची पत्नी." सासूच्या पाया पडून सासूचा नियम मोडणारी बाई मी दुसरी पाहिली नाही.

"आणि या अम्मा?" त्यानं विचारलं.

रस्त्याकडे बघत आत्याबाई म्हणाल्या, "यमुना."

त्यांना सगळं जग रुक्मिणीबाई म्हणून ओळखायचं. यमुना हे माहेरचं, लग्नात मागे राहिलेलं नाव. मुलालाही ते ठाऊक नव्हतं.

मतदानाला आम्ही तिघी बरोबर गेलो. नगरपालिकेच्या शाळेत कारकुनानं "यमुनाबाई" पुकारलं तेव्हा आत्याबाई क्षणभर इकडेतिकडे पाहत राहिल्या, मग ताठ मानेनं आत गेल्या. नंतर "तुळजाबाई!" अक्का म्हणाली, "मीच ती." त्या दोन शब्दांना पाच वर्षं लागली होती. मत कुणाला दिलंस म्हणून मी विचारलं, तर म्हणाली, "तें मात्र विड्याचं पान! तोंडांतच राहील."

पुढे बऱ्याच वर्षांनी अक्का गेली. मला ती दिसते ती त्या दिवशीच्या परतीच्या वाटेवर. बोटावर शाई, डोक्यात मोगरा, पाय जमिनीला लागत नव्हते तिचे. आम्ही खूप मागे पडलो. आत्याबाई धापा टाकत थांबल्या, आणि भर बाजारात, भांड्यांच्या दुकानांसमोर, त्यांनी हाक मारली.

"तुळजे! हळू चाल गे. मजला टाकून जाऊं नको."

अक्का थांबली. वळली. आणि परत येऊन तिनं भर बाजारात आत्याबाईंचा हात आपल्या हातात घेतला.